सुरुंग मोजणारं गाव

ज्या गावात मी एकोणीस वर्षं शिकवलं, तिथं दुपारी एक वाजता सगळे मोजत. किराणावाला तराजूत साखर टाकता टाकता थांबे. धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बाया चिखलात तशाच वाकून राहत. माझ्या वर्गातली पोरं पेन्सिल वर उचलून ओठातल्या ओठात एक, दोन, तीन सुरू करत. गावाला लागून गिट्टीची खदान होती आणि एक वाजता तिथं सुरुंग उडत.

आधी शिट्टी, मग लाल झेंडा, मग आवाज. खडकात पाडलेल्या प्रत्येक होलाची बत्ती वेगळ्या लांबीची कापलेली असे, त्यामुळं आवाज एकेक करून येत. जितके होल भरले तितके आवाज आले पाहिजेत. एक जरी कमी आला तर तो सुरुंग खडकात जिवंत बसलेला असतो, आणि तिथं सब्बल, म्हणजे पहार, मारणारा माणूस घरी परत येत नाही. खदानीत कामाला जाणारं माणूस घरोघरी होतं, म्हणून गाव मोजायचं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. माझ्या पहिलीतल्या पोरांना वीसपर्यंत अंक यायचे ते माझ्यामुळं नव्हे, खदानीमुळं.

आकडा जुळला की सुरुंग लावणारे चाचा खदानीच्या काठावर येऊन उभे राहत आणि ओरडत, "रस्ता खुला!" मग साखर तराजूत पडे, बाया धानाचं पुढचं पऱ्हं लावत, माझा वर्ग पुन्हा गोंगाट करू लागे. चाचांच्या त्या दोन शब्दांआधी रस्त्यावरची सायकलसुद्धा हलत नसे.

चाचा गावातल्या पाच मुसलमान घरांपैकी एका घरातले. सुरुंग लावायचा सरकारी परवाना सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्याकडेच होता. तीस वर्षं त्यांनी ते काम केलं आणि त्यांच्या हाताखाली एकही माणूस मेला नाही. पण तीस वर्षांत त्यांचे कान गेले. हे त्यांच्या घरी माहीत होतं आणि मला माहीत होतं. कान गेले हे कळलं की परवाना जाणार, परवाना गेला की चूल थंड होणार. म्हणून सकाळी खदानीकडे जाताना ते शाळेच्या भिंतीशी थांबत आणि म्हणत, "बाई, आज आठ." किंवा "आज अकरा." एक वाजता मी व्हरांड्यात उभी राहून मोजायची. जुळले की उजवा हात वर करायची. शाळेपासून खदानीचा काठ समोरच दिसे. चाचा माझा हात पाहत आणि मगच ओरडत. गावाला वाटे चाचांचा कान मोठा पक्का आहे. आम्ही दोघं या गोष्टीवर कधी हसलो नाही. माझा हात चुकला असता तर माणूस मेला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या काळात चौकातल्या चहाच्या टपरीवर टीव्ही आला होता. दूर कुठल्या शहरात बॉम्ब फुटला की टपरीवर गर्दी व्हायची. तेवढ्यात चाचा आले की कोणीतरी विचारायचंच, "काहून जी चाचा, तुमचे लोक असे काहून करतात?" विचारणारा हसत विचारायचा. चाचा गृहपाठ न केलेल्या पोरासारखे उभे राहायचे. "गलतच हाये ते. असायले फाशीच देल्ली पायजे," असं म्हणायचे. एकदा तर बातमी नुसती सुरू झाली, कोणी तोंड उघडलं नव्हतं, आणि चाचा आपणहून म्हणाले, "फाशीच देल्ली पायजे." मला तेव्हा कपातला चहा त्या टीव्हीवर फेकावासा वाटला होता.

फेकला नाही, हे सांगायला नको. त्याच टीव्हीवर कधी दुसरी बातमी यायची. कुठंतरी जमावानं एका माणसाला संशयावरून ठेचून मारलेलं असायचं, मारणारे कपाळाला टिळा लावून घोषणा देत असायचे. तेव्हा टपरीवाला जिलबी तळता तळता म्हणायचा, "आता एखाददोन डोस्कं फिरलेले सबनच जागी असतेत, बा." झालं, विषय संपला. टपरीवाल्याला कोणी विचारलं नाही की तुझे लोक असे काहून करतात. त्यानं कोणाची फाशी मागावी असं कोणाला वाटलं नाही. एकाच्या धर्मातला खुनी त्याच्या सगळ्या जातभाईंचा प्रतिनिधी आणि दुसऱ्याच्या धर्मातला खुनी एकटा, वेडा, कोणाचाच नाही. हे मला तेव्हाही स्वच्छ दिसत होतं. आमचं घर छपन्न साली बुद्धाच्या वाटेनं गेलेलं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर उभं करायचं, याचा हिशोब गावं कशी करतात हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. म्हणूनच माझं जे झालं त्याला मी अजाणतेपणाची सबब सांगू शकत नाही.

विसर्जनाची मिरवणूक मशिदीवरूनच तलावाकडे जायची. मशीद म्हणजे टिनाचं छप्पर आणि दोन खिडक्या. दरवर्षी तिथं ढोल थांबायचे, मशिदीतले म्हातारे बाहेर येऊन पाणी वाटायचे, ढोल पुन्हा सुरू व्हायचे. त्या वर्षी मंडळ नवीन पोरांच्या हाती गेलं होतं. त्यातला पुढारी माझा विद्यार्थी, आता खदानीच्या गोदामाची किल्ली सांभाळणारा. त्याला मी बाराखडी शिकवली. शाळेत असताना तो फळा पुसायला सगळ्यांत आधी धावायचा.

दुपारचे चार वाजले असतील. मी किराणा दुकानाच्या पायरीवर उभी होते. ढोल मशिदीसमोर थांबले नाहीत, उलट जोरात झाले. चाचा इतर म्हाताऱ्यांबरोबर दाराशी पाण्याची घागर घेऊन उभे होते. दोन पोरं नालीशी वाकलेली मला दिसली, त्यातला एक माझा तो विद्यार्थी. मग ती पळाली.

एक. दोन. तीन.

फटाका वर फुटतो, कानावर आपटतो. सुरुंग आधी तळपायाला कळतो. त्या तीनही वेळा पायरी माझ्या पायाखाली हलली. मशिदीच्या खिडक्यांच्या काचा आत पडल्या. आणि मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकत होतं. सगळी मिरवणूक जागच्या जागी थांबली. ढोलवाल्यांच्या काठ्या वरच राहिल्या. बायांचे ओठ हलताना मी पाहिले, सगळ्या मोजत होत्या. तीन झाले होते आणि सगळे चौथ्याची वाट पाहत होते. फटाक्याला कोणी असं थांबत नाही. ज्यांनी ते सुरुंग पुरले होते ती पोरंसुद्धा कोपऱ्यावर थबकून उभी होती. आणि तीन-चारशे माणसं, एकदम, चाचांकडे वळून पाहू लागली.

चाचांना काही नीट ऐकू आलं नव्हतं. ते गर्दीत मला शोधत होते. माझा उजवा हात वर गेला. मी तो वर केला असं म्हणता येणार नाही, इतक्या वर्षांच्या सवयीनं तो आपोआप गेला. चाचांनी हात पाहिला आणि हातातली घागर तशीच धरून ओरडले, "रस्ता खुला!"

मिरवणूक चालू लागली. मी घरी आले आणि मला वाटलं, आता सगळं उघडंच आहे. सगळ्या गावानं ओळखलं आहे. कोणाला काही सांगायची गरजच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात तीन कॅपा आणि जिलेटीनची एक कांडी, तुकडे करून तीन सुरुंगांना पुरेल एवढी, कमी भरली. कॅप म्हणजे सुरुंग पेटवणारी बोटाएवढी चकचकीत नळी. तिचा नगानग हिशोब पोलिसांना द्यावा लागतो. गोदामाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्या विद्यार्थ्याकडे, एक चाचांकडे. विद्यार्थी म्हणाला, माझी किल्ली कमरेची हलली नाही. नालीतला खड्डा तोपर्यंत मुरूम टाकून बुजवलेला होता, आणि वरून पाणीही मारलं होतं.

आता सरळ गोष्ट होती. मशिदीपुढं वाजले ते सुरुंग असतील, तर तीन कॅपा कुठं गेल्या याचं उत्तर मिळालं. चाचा काही स्वतःच्या मशिदीच्या काचा फोडणार नव्हते. पण वाजले ते फटाके असतील, तर तीन कॅपा आणि एक कांडी अजून कुठंतरी आहेत, आणि त्या एका मुसलमानाकडे आहेत. सगळं गावाच्या कानावर अवलंबून होतं. आणि त्या गावाच्या कानासारखा कान दुसऱ्या गावाला नसेल.

गावानं सांगितलं, फटाके होते.

किराणावाला म्हणाला फटाके. ढोलवाले म्हणाले फटाके. ज्या बायांचे ओठ मी मोजताना पाहिले त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, आमाले का समजते जी, फटाकेच असतीन. कोणाला धमकी नव्हती. आपली पोरं आहेत, जोशात होती, कोणाला लागलं का, नाही ना, मग एवढ्यासाठी त्यांच्या जिंदगीचं वाटोळं कायले करायचं, असं सगळ्यांनी आपापल्या घरी बसून ठरवलं होतं. वर ते चाचांकडे वळून पाहणंही वेगळ्या रूपात पोलिसांपर्यंत पोचलं. आवाज होताच सगळ्या लोकांनी त्यांच्याकडेच पाहिलं, असं कोणीतरी सांगितलं होतं. आणि तेच ओरडले, रस्ता खुला. म्हणजे त्यांना माहीत होतं.

चाचांना दोन दिवस ठाण्यात बसवलं. घराची झडती झाली, धानाच्या कोठीतलं धान अंगणात ओतलं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे शाळेच्या भिंतीशी आले. दाढी वाढलेली. पोरं खिडकीतून पाहत होती, म्हणून ते हळू बोलले.

"बाई, सायब तुमाले विचाराले येतीन. मी सांगतलं त्यायले, मले बरोबर आयकू येत नाई, बाईनं हात केला म्हनून मी आवाज देल्ला."

"चाचा, कानाचं सांगून टाकलं तुम्ही?"

"मंग का करू? परवाना गेला तं जाऊ द्या. पन बारूद चोरनारा म्हनून मरनं नाई पायजे. तुम्ही आयकलं तेवढंच सांगा. जास्तीचं कायी नोका सांगू."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं मला अजूनही समजत नाही. मी खरंच सांगणार होते. त्या क्षणी तरी.

शाळा सुटल्यावर शाळा समितीचे अध्यक्ष माझ्या घरी आले. मंडळाच्या पोरांत त्यांचा पुतण्या होता. त्यांनी दरडावलं नाही, बदलीचं नाव काढलं नाही. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, आणि माझ्या हातचं पाणी प्याले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमी तं आपल्यातल्याच. आपल्या पोट्ट्यायचं आपनच पायलं पायजे."

आपल्यातल्याच. लाज वाटते सांगायला, पण तो शब्द मला गोड लागला. ज्या गावात माझ्या पहिल्या वर्षी मला भाड्यानं खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, त्या गावाचा मोठा माणूस माझ्या घरचं पाणी पिऊन मला आपली म्हणत होता. आत जाण्याचं दार उघडलं होतं आणि दुसऱ्या कोणाला तरी बाहेर काढल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. हेही मला तेव्हाच कळलं होतं. भीती होतीच, गावाच्या टोकाला घर, नवरा परगावी. पण मी नुसती भ्याले असते तर आज इतकं छळलं नसतं. मला ते आवडलं होतं.

ठाण्यातले साहेब संध्याकाळी आले. सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तुमची शाळा खदानीला लागून. तुम्हाला आवाजातला फरक कळतो असं सगळे म्हणतात. काय होतं ते?"

"फटाके असतील."

"असतील की होते?"

"होते."

"तुम्ही हात वर केला होता? ते म्हणतात तुम्ही खूण केली."

"नाही. केस सारखे केले असतील मी."

त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. अक्षर माझं नेहमीच सुंदर.

पुरावा नव्हता, म्हणून चाचांवर खटला झाला नाही. कानाची तपासणी मात्र झाली, आणि त्यांच्याच तोंडच्या जबाबावर परवाना गेला. एका स्थानिक वर्तमानपत्रात स्फोटकांच्या साठ्याबद्दल बातमी आली, शेवटी प्रश्नचिन्ह लावून. ते प्रश्नचिन्ह वाचायला कोण थांबतं? टपरीवर त्यांच्याशी कोणी भांडलं नाही. फक्त ते आले की बाक रिकामा व्हायचा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या दिवशी, गाव नाटकाला गोळा झालं असताना, त्यांनी ट्रॅक्टरमध्ये सामान भरलं. पुढं गावात सलोख्याची बैठक झाली. अध्यक्षांनी मशिदीला नव्या काचा बसवून दिल्या आणि सगळ्यांनी फोटो काढला. फोटोत मी आहे, दुसऱ्या रांगेत. ज्यांनी मशिदीसमोर सुरुंग उडवले ती पोरं पुढच्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांना त्या दिवसापासून आजपर्यंत कोणी अतिरेकी म्हटलेलं नाही. तो शब्द आमच्या गावात ज्याच्यासाठी राखून ठेवला होता, त्याला तो देऊन झाला होता.

खदानीवर नवा ठेकेदार आला. त्याचे सुरुंग विजेवर, सगळे एकदम उडायचे, मोजायला काही उरलं नाही. एक वाजता माझी पोरं तरी बोटं वर करायची आणि एकच धडाका ऐकून माझ्याकडे पाहायची. मी म्हणायची, वाचा पुढं. माझ्या आत मात्र मोजणं थांबलं नाही. मी आता निवृत्त होऊन भंडाऱ्यात राहते. लग्नाच्या वरातीत फटाके लागले की मी मोजते. शेजारी कोणी खिळा ठोकत असला तरी मोजते. तिसऱ्याला उजवा हात खांद्यापासून जड होतो आणि मी तो डाव्या हातानं धरून ठेवते. नवऱ्याला वाटतं सांधेदुखी आहे. तेल लावून देतो बिचारा.

मागच्या उन्हाळ्यात कळलं की चाचा कारध्याला आहेत, मुलीकडे. म्हणजे नदीच्या पलीकडे, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. इतकी वर्षं मी त्यांना लांब कुठंतरी समजत होते. जायला मला आणखी दोन महिने लागले.

ते अंगणात सुपात तांदूळ निवडत बसले होते. चाचींनी मला ओळखलं आणि त्या पाठ फिरवून आत गेल्या. चाचांनी वर पाहिलं, बाजूची खुर्ची दाखवली. मी सगळं मनात घोकून आले होते. अंगणाला कुंपण नव्हतं, शेजारच्या ओट्यावर चार बाया बसल्या होत्या. मी हळू आवाजात सुरू केलं.

"जोरानं बोला बाई. आयकू नाई येत."

मी थोडा आवाज चढवला. बाया वळून पाहू लागल्या. मी थांबले. मग खुर्ची सरकवून त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. ते सुरुंगच होते. मी तीन मोजले होते. हात मीच वर केला होता. कोणी पुरले तेही मी पाहिलं होतं. मी खोटं बोलले. मला माफ करा.

चाचांचे हात सुपात थांबले होते. मग त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"हे मले मालूम हाये, बाई," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, त्यामुळं सगळ्या ओट्यानं ऐकलं. "मी तं तुमचा हात पायलाच होता. माया कानात सांगून का फायदा? ज्या ठान्यात खोटं लिवून देल्लं तिथं जाऊन सांगा. त्या पोट्ट्याचं नाव घेऊन सांगा, तुमचं नाव लिवून सांगा. माफी तवा पाहू."

मी म्हटलं, जाते. चाचींनी चहा आणला, मी प्याले. निघताना चाचा उठले नाहीत.

ठाणं माझ्या जुन्या गावाच्या रस्त्यावरच आहे. बसनं दीड तास. मी अजून गेले नाही. आधी एकदा नीट लिहून काढू म्हणजे तिथं बोलताना गोंधळ होणार नाही, असं स्वतःला सांगून लिहायला बसले. चार दिवस लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं, लपवलं काही नाही, असं मला वाटत होतं. आज सकाळी पहिल्यापासून वाचून पाहिलं. त्या पोराचं नाव यात कुठं नाही. अध्यक्षांचं नाही, गावाचं नाही. माझंही नाही.